बेचाळिसावं वारूळ

रेवताने आईला विकलं तेव्हा तिच्या अंगाला हळद लागलेली होती.

दुसऱ्या गावांत हळद लागलेल्या पोरीला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देत नाहीत. चिखलबोडीत उलटं. इथे हळद लागली की आईच पोरीला घेऊन जंगलात जाते. दोघीच. तीन दिवस. बाप नाही, भाऊ नाही, कुत्रंसुद्धा मागे आलं तर दगड मारून परत पाठवतात. ह्याला ‘वाट देणं’ म्हणतात. आपल्या आईने दाखवलेली वारुळं आई लेकीला दाखवते. पावसाळ्यात त्या वारुळांवर सात्या उगवतात. ज्यांनी कधी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: सात्या म्हणजे रानातली अळंबी. पांढरी, करंगळीएवढी ते ताटलीएवढी, आणि मूळ हातभर खोल मातीत गेलेलं. चिखलबोडीत शेत बापाचं, घर बापाचं, आडनाव बापाचं. बाईच्या मालकीची चीज एकच, ही वारुळं. कुठल्या कागदावर नव्हती, म्हणूनच इतक्या पिढ्या टिकली.

पारबता नन्नावरे पुढे चालत होती. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही, हातात काठी.

“हे पाह्य. ह्या मोहाच्या उगवतीच्या अंगाला. पोळ्याच्या आंधी चार दिवस येते इथं. एक दिवस उशीर केला का किडे पडलेच समज.”

“हो माय.”

“अन् पहिली उमलली ती तोडाची नाही. ती वारुळाची. तोडली तं वारूळ रुसते.”

“रुसते म्हणजे काय होते?”

“देत नाही. अन् काय होईल? तुह्यावानी तोंड फुगवून बसते.”

रेवता हसली. हसताना तिने डावा हात पदराखाली घेतला. मनगटावर ती नोकरीला होती त्या कंपनीने दिलेलं घड्याळ होतं. प्रत्येक वारुळापाशी ती दहा श्वास थांबायची, घड्याळावरचा हिरवा ठिपका लुकलुकायचा, आणि ती जागा वीतभराच्या फरकाने तालुक्याच्या प्रयोगशाळेत उमटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्याशी पोचल्यावर पारबताने पाय धुतले आणि दगडावर टेकली. “झालं. एक्केचाळीस. माह्या मायने एवढेच देल्ले.”

पण बोलताना तिची नजर नाल्यापलीकडच्या एका बेहड्याच्या झाडाकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. आई खोटं बोलते तेव्हा कशी दिसते, हे लेकीला शिकवावं लागत नाही.

आता कुणी विचारेल, शिकलेली पोर, बी.एस्सी. झालेली, तिने असं का करावं? मी सांगतो का. दहा वर्षांची असल्यापासून ती आईबरोबर डांबरी रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन उभी राहायची. गाड्या थांबायच्या. काच चार बोटं खाली यायची. “विषारी तर नाहीत ना गं?” हा पहिला प्रश्न. “आधी तू खाऊन दाखव” हा दुसरा. आणि रेवता कच्ची सात्या तोंडात घालून चावायची, गिळायची, तोंड उघडून आतली जीभ दाखवायची. गाडीतली पोरं हसायची. कॉलेजात तिचं नाव ‘सात्या’ पडलं होतं. त्या तोंड उघडून दाखवण्याचा सूड तिला कुणावर तरी उगवायचाच होता. गाडीवाले हाताशी नव्हते. आई होती.

लग्न हिवराज दडमलशी झालं. गरीब, सरळ पोरगा, कंपनीची थंड पेटीची गाडी चालवायचा. रेवताला लग्नाची घाई नव्हती, पण साहेबांना वारुळांची होती. वाट तर लग्नाशिवाय मिळत नाही. म्हणून मार्गशीर्षात लग्न.

*

साहेब म्हणजे डॉक्टर फणसळकर. माणूस पुण्याचा, आवाज मऊ. त्यांनी काय शोधलं ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय.

सात्यांची शेती जगात कुणाला जमली नव्हती. कारण ती शेती माणूस करतच नाही, वाळवी करते. इकडे तिला उधई म्हणतात. उधई पालापाचोळा चावून चावून वारुळाच्या पोटात राखी रंगाचं, स्पंजासारखं पोळं बांधते. त्या पोळ्यावर बुरशीचे तंतू वाढतात आणि त्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे येतात. कामकरी उधई हे दाणे रात्रंदिवस खाते. एक दाणा जरी खायचा राहिला तर तो वाढून, माती फोडून, वर सात्या होऊन उमलेल. म्हणजे सात्या ही उधईने न खाल्लेला घास आहे. वर्षातून एकदा, पंखांची उधई उडून गेली की वारुळातला वास बदलतो. तो वास कामकऱ्यांना सांगतो, ‘पुरे’. त्या खायच्या थांबतात. दाणे वाढतात. आपण म्हणतो, सात्या आल्या.

फणसळकरांनी तो ‘पुरे’ हुडकला. कुठल्या कणाने उधईची भूक थांबते ते काढलं आणि तो कण प्रयोगशाळेत बनवला. एका नळीवाटे चमचाभर वारुळात सोडायचा. नवव्या दिवशी सात्या. पौष असो की चैत्र. ह्या औषधाला नाव काय द्यावं म्हणून त्यांनी रेवताला विचारलं, तुमच्याकडे जेवायला बोलावतात त्याला काय म्हणतात? रेवता म्हणाली, “आवतण.” साहेब खूश झाले. बाटलीवर ‘आवतण’ छापून आलं.

चैत्रात, पाण्याचा थेंब नसताना, एक्केचाळीस वारुळांवर पांढऱ्या छत्र्या उभ्या राहिल्या.

पारबता मोहफुलं वेचायला गेली होती. मोहाच्या उगवतीला तिने पाहिलं. वारुळात निळी नळी खुपसलेली. शेजारी पत्र्याची पाटी, त्यावर ‘१’. ती पुढच्या वारुळावर गेली. ‘२’. तिने तसंच चालत एक्केचाळीसही पाट्या पाहिल्या. ज्या क्रमाने तिने लेकीला दाखवली होती त्याच क्रमाने आकडे होते. मग ती तशीच तालुक्याला, कंपनीच्या फाटकावर आली. रेवता पांढरा कोट घालून बाहेर आली.

“त्या घड्याळानं केलं ना?”

“माय, आत ये. बस. चहा घे.”

“मी विचारतो, घड्याळानं केलं का?”

“हो. आता वर्षभर सात्या येतील माय. साऱ्या गावाले काम भेटन. तुले आता रस्त्यावर उभं राहाची गरज नाही.”

“मले लाज नव्हती वाटत,” पारबता म्हणाली. “तुले वाटत होती. मले सांगाचं होतं. मी घरी ठेवलं असतं तुले.”

एवढं बोलून ती वळली. त्यानंतर दहा महिने ती लेकीशी एक शब्द बोलली नाही.

रेवता वैशाखात आईची समजूत काढायला पेढे घेऊन माहेरी गेली. पारबता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने मान वर केली नाही. रेवता अर्धा तास उन्हात उभी राहिली. पेढे पाझरले, पुड्याचा कागद तेलकट झाला. शेजारची कौसाबाई कुंपणावरून म्हणाली, “साहेबीणबाई, पेढे इकडं द्या, आमाले दात आहेत अजून.” आणि बाया हसल्या. तेच हसू. गाडीच्या काचेतलं.

रेवता तिथून निघाली ती सरळ जंगलात गेली. नाला कोरडा होता. बेहड्यामागे, करवंदीच्या जाळीत, पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. जुनं, गुळगुळीत, वर हळदीकुंकवाचे डाग. पारबताने आयुष्यात ही एकच गोष्ट लेकीपासून लपवली होती. पिशवीत आवतणाची बाटली होती. रेवताने नळी घातली, चमचाभर नाही, सगळी बाटली रिकामी केली, नळी काढून घेतली. पाटी लावली नाही. कंपनीच्या यादीतही लिहिलं नाही. हे कंपनीसाठी नव्हतंच. कुणीतरी आपल्याशी बोलत नाही म्हणून त्याच्या पाण्याच्या माठात थुंकावं, तसं होतं ते.

*

आषाढापासून गावातल्या बाया कामाला लागल्या. मिटलेल्या कळ्या पहिल्या प्रतीच्या, त्या थंड पेटीतून शहरात जायच्या. उमललेल्या, तुटलेल्या, डागाळलेल्या सात्या शहराला चालत नाहीत. त्या बायांना घरी न्यायला मोकळ्या. टोपल्याच्या टोपल्या. जे कालवण वर्षातून चार वेळा व्हायचं ते रोज दोन वेळा व्हायला लागलं. लोकांनी कंपनीचं नाव काढलं. पोळ्याला साहेबांचा सत्कार केला, त्यांना नारळ दिला.

पहिल्यांदा लक्षात आलं हिवराजच्या. “अवो, बाया डबे उघडतच नाहीत आताशा,” तो म्हणाला. “भाकर तशीच वापस नेतात. मी विचारलं त म्हणतात, भूक नाही भाऊ.”

मग अंगणवाडीची ताई फाटकावर आली. खिचडीचं पातेलं रोज भरलेलं उरतंय. पोरं खेळत नाहीत, भिंतीला टेकून बसतात. वजनाचा कागद तिने रेवताच्या हातात दिला. त्यावरची प्रत्येक रेघ खाली चालली होती.

रेवता तो कागद घेऊन साहेबांकडे गेली. ती तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती.

“सर, आवतण सात्यांत उतरतंय का?”

“उतरतं,” फणसळकर म्हणाले. लपवलं नाही त्यांनी. “चरबीत विरघळतो तो कण. भूक थांबवायची कळ फार जुनी आहे, रेवता. उधईत आहे तशीच थोडीफार आपल्यात आहे. वाळवल्या की प्रमाण आठपट होतं.”

“गावातल्या पोरांची वजनं उतरलीत.”

“त्यांना भूक लागते का?”

“नाही ना सर. तेच तर सांगतेय.”

“मग त्यांना उपाशी कसं म्हणायचं?”

त्यांनी खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता, डोळ्यात कपट नव्हतं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसावर दगड तरी मारता येतो. त्यांनी रेवताला खुर्ची दिली, लोहाच्या गोळ्या घेतेस ना म्हणून विचारलं, आणि मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“तुला कळतंय का आपल्या हातात काय आलंय? अर्धं जग भूक मारायला धडपडतंय. ऑपरेशनं करून घेतात लोक पोटाची. आणि इथे एक चमचा भुकटी.”

दिवाळीपर्यंत ती भुकटी डबीत भरून शहरात गेली. डबीवर नाव होतं, ‘पुरे’. ज्यांच्याकडे खायला भरपूर आहे अशी माणसं ती पाण्यातून घ्यायची आणि आरशात बघून आनंदायची. चिखलबोडीत मात्र ‘पुरे’ फुकट मिळत होतं. गावाचा अभ्यास करायला कंपनीने दोन पोरी नेमल्या. त्या दर सोमवारी यायच्या, पोरांचे दंड टेपने मोजायच्या, लिहून घ्यायच्या आणि जायच्या. थांबवायचं कुणाच्या मनात आलं नाही. थांबवलं तर मोजणार काय?

रेवताने काय केलं? घरात सात्या आणणं बंद केलं. हिवराजला तंबी दिली, एक तुकडा घरात येता कामा नये. गावाला काही सांगितलं नाही. कामावर लागताना तिने गुप्ततेच्या कागदावर सही केली होती. कौसाबाई म्हणायची, “साहेबीण झाली, आता सात्या खात नाही. जिभेले काटे फुटले का वो?” रेवता मान खाली घालून पुढे जायची. आपलं पोट हाताने झाकून.

*

माघात तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. तीन किलो. रडली अशी की बाहेरच्या पिंपळावरचे बगळे उडाले. हिवराज सगळ्यांना सांगत सुटला, “पोरीचा आवाज पाह्यला का? ट्रकचा भोंगा आहे भोंगा!”

तिसऱ्या दिवशी, दुपारी, कंपनीच्या क्वार्टरच्या दारात पारबता उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. दहा महिन्यांत ती अर्धी झाली होती. ती आत आली, बाळाच्या पायाला नाक लावून वास घेतला, आणि चुलीकडे वळली. म्हणजे गॅसकडे.

“पातेलं कोठी आहे?”

दहा महिन्यांनंतरचा पहिला शब्द.

रेवताने दाखवलं. पारबताने मडक्याचं फडकं सोडलं. आत वाळवलेल्या सात्या होत्या, तपकिरी, कानासारख्या मुडपलेल्या. चिखलबोडीत बाळंतिणीला सव्वा महिना वाळल्या सात्यांचं पाणी देतात. मीठ, मिरे, तूप, आणि हे. अंगात रक्त भरतं, दूध येतं. पिढ्यान्‌पिढ्या दिलं. त्याच्यावरच ह्या गावातल्या बाया बाळंतपणातून उठल्या.

रेवताने मडक्यात डोकावलं. “कोणत्या वारुळाच्या आहेत माय?”

पारबता हसली. “भेऊ नको. त्या पाट्यावाल्या मी तोंडात बी घेत नाही. मले दिसते नं गावात काय होऊन रायलं.” तिने एक सात्या बोटांनी चुरली. “एक वारूळ आहे. तुले नाही दाखवलं. म्या चारी अंगानं तपासलं, पाटी नाही, नळी नाही. अन् पाह्य, यंदा वैशाखात देल्लं त्यानं. वैशाखात! पाणी नाही, पाऊस नाही, अन् पन्नास सात्या. मले समजे ना कायले देल्लं. मंग आखाडीले तुही बातमी आली. तवा समजलं. लेकरासाठी देल्लं. पहिली सोडली त्याची, बाकी वाळवल्या अन् ठेवल्या.”

रेवताने बाळाचं दुपटं सारखं केलं.

“तुह्यावरचा राग तुह्यावर,” पारबता पाण्याला उकळी येताना म्हणाली. “तो काही जाणार नाही. पण ह्या लेकरानं काय केलं? मोठी झाली का ती वाट मी हिले देईन. तुले नाही. हिले.”

तिने वाटी पुढे केली. वाफ वर येत होती. रानाचा वास, मातीचा, पानांचा, रेवताच्या सगळ्या लहानपणाचा.

आता इथे एकच गोष्ट करायची होती. तोंड उघडायचं होतं. माय, तेही मीच केलं, एवढं बोलायचं होतं. बोलली असती तर आई उठून गेली असती, कायमची. रेवताने मनात हिशोब मांडला. एक बाटली, नऊ-दहा महिने झाले, वाळल्यावर आठपट खरं, पण पाण्यात उकळतंय, कदाचित उडून जाईल. शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, त्याला भित्रेपणासाठी आकडे सापडतात.

तिने वाटी तोंडाला लावली. आई बघत होती.

“जीभ दाखव,” पारबता म्हणाली, आणि दोघी हसल्या. रस्त्यावरचे ते दिवस आठवून. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

*

आठव्या दिवशी बाळ रडायचं थांबलं.

पहिल्यांदा सगळ्यांना बरं वाटलं. “किती शहाणी पोर,” बघायला येणारी म्हणायची. “आमचं कार्टं रात्रभर गल्ली उठवते. ही पाह्य, टुकूटुकू पाहते नुसती.” हिवराज म्हणाला, “बापावर गेली. मीबी काही मागत नाही.” पारबता दृष्ट काढायची. रेवता बाळाला छातीशी धरायची, ते दोन घोट घ्यायचं आणि तोंड बाजूला करायचं. जबरदस्ती नाही, कुरकुर नाही. सभ्य पाहुण्यासारखं. पुरे.

रेवताला स्वतःलाही भूक लागेना. पारबता तर पातेल्यातल्या उरलेल्या पाण्यात भाकर कुस्करून खायची, मग भाकर सुटली, नुसतं पाणीच. तीन माणसं त्या खोलीत हळूहळू वाळत होती आणि कुणाला काही दुखत नव्हतं.

एकविसाव्या दिवशी नर्स घरी वजन करायला आली. काट्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, बाळाची मांडी चिमटीत धरली. कातडी चिमटीतच राहिली. “हे काय करून ठेवलं वो बाई?” ती ओरडली. “उचला! आत्ताच्या आत्ता उचला!”

*

दवाखान्यातल्या पोषणाच्या वॉर्डात अकरा खाटा. त्यातल्या सात चिखलबोडीच्या पोरांच्या. डॉक्टरीणबाईंना आवतणाचा कण एव्हाना माहीत झाला होता; त्यांनी रेवताचं दूध बंद केलं. त्यातूनच जातंय, म्हणाल्या. डब्याचं दूध, वाटी-चमच्याने, दर दोन तासांनी गजर लावून. “तो कण अंगातून जायला किती दिवस लागतील मला माहीत नाही. लहान बाळाचं कुणालाच माहीत नाही. एक खूण आहे. ही स्वतःहून भुकेने रडली, की समजा परत आली. तोवर गजर.”

हिवराजने कंपनीची गाडी सोडली आणि वीटभट्टीवर लागला. तो संध्याकाळी यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचा आणि बाळाला हळू आवाजात विनवायचा, “बोंबल नं बे. एकदा बोंबल.”

पारबता भिंतीशी बसून राहायची. तिने मडकं बरोबर आणलं होतं. त्यातली उरलेली एकेक सात्या काढून ती उजेडात धरायची, उलटी करायची, देठ मोडून हुंगायची.

“भलती, विषाची तं नाही ना आली?” ती विचारायची. “चाळीस साल झाले, माह्या हातून भलती नाही गेली कोनाच्या पोटात. पाह्य बरं, हिचा देठ जरा पिवळा आहे का? तू शिकली आहेस, तू पाह्य. माह्या डोळ्यानं घात केला का वो?”

“नाही माय.”

“मंग कोठून आलं लेकराच्या अंगात? मीच खाऊ घातलं नं.”

पाच दिवस. पाच दिवस रेवताने आईला त्या सात्या उलट्यासुलट्या करू दिल्या. क्रूरपणा करायला फार मोठं मन लागत नाही, नुसतं गप्प बसता आलं पाहिजे.

सहाव्या दिवशी फणसळकर फळं घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग पिशवीतून कागद काढला. “उतारा शोधायचा तर आकडे लागतात, रेवता. इतक्या लहान वयात हे पहिल्यांदाच घडतंय. तू परवानगी दिलीस तर रोज एक रक्ताचा थेंब. तुझ्याच मुलीसाठी. पण एक अडतंय. यादीतल्या कुठल्याच वारुळाशी हे प्रमाण जुळत नाही. फार जास्त आहे. कुठल्या वारुळाच्या होत्या त्या सात्या?”

पारबताने मान वर केली. तिला साहेबांची भाषा अर्धीच कळत होती, पण प्रश्न पुरता कळला.

रेवताने सही केली. पेन खाली ठेवलं. आणि आईकडे न बघता बोलली, “बेचाळिसाव्या. नाल्यापलीकडे, बेहड्याखाली. सगळी बाटली ओतली होती मी. वैशाखात.”

साहेबांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

पारबताने मारलं नाही. शिवी दिली नाही. हातातली सात्या मडक्यात टाकून तिने विचारलं, “पाटी काऊन नाही लावली?”

रेवताने पेनाचं टोपण लावलं.

“लावली असती तं मी तोडली नसती वो,” पारबता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्हती. दुपारी परत आली, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, एक नख उखडलेलं. सब्बल घेऊन तिने ते वारूळ फोडलं होतं, पार पोटापर्यंत. पदराच्या गाठीतून तिने काहीतरी काढलं आणि रेवताच्या तळहातावर ठेवलं. पोळ्याचा तुकडा. राखी नाही, काळा. त्यावर एक दाणा नव्हता, एक उधई नव्हती. भरल्या घरात उधई न खाता मेली होती, आणि तिला मुंग्यांनी नेलं होतं. रेवताने बोटं मिटली तशी त्याची भुकटी झाली.

“घे,” पारबता म्हणाली. “बेचाळीस. आता सारी वाट देल्ली तुले.”

आणि ती भिंतीशी नाही, खाटेच्या पलीकडच्या अंगाला बसली. हात धुतले. गजर वाजला तेव्हा चमचा तिनेच उचलला. बाळाचे ओठ बोटाने उघडले, दूध आत सोडलं. निम्मं गालावरून ओघळलं. मग नर्सने दोघींपुढे भाताची ताटं ठेवली, कारण आता त्यांनाही गजरावरच जेवायचं होतं.

“भूक नाही,” रेवता म्हणाली.

“मले बी नाही. खा.”

असे सोळा दिवस गेले. रोज एक थेंब रक्त. रोज बारा गजर. चिखलबोडीच्या सातांपैकी दोन खाटा रिकाम्या झाल्या. एक घरी गेलं, एक नाही. वजन कधी एक रेघ वर, कधी एक रेघ खाली.

सतराव्या दिवशी, भर दुपारी, रेवता बसल्या बसल्या पेंगली होती. पारबता चमचा पुसत होती. आणि बाळ रडलं.

खणखणीत. घसा फाटेल असं. भुकेचं, रागाचं, मला आत्ता पाहिजे असं.

रेवता उठली ती खुर्ची पाडून उठली. “माय! रडली! रडली वो!” पारबताच्या हातून चमचा पडला. दोघींनी एकदम दुपट्यावर झडप घातली, दोघींची डोकी एकमेकींवर आदळली.

बाळ टुकूटुकू छताकडे पाहत होतं. तोंड मिटलेलं.

शेजारच्या खाटेवर सकाळीच एक बाई आली होती, दुसऱ्या तालुक्याची. सात्या तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या. तिचं पोर मुठी आपटून आकांत करत होतं. अख्खा वॉर्ड आपल्याकडे बघतोय हे पाहून ती ओशाळली आणि पोराच्या पाठीत एक धपका घातला. “चूप बस, भुक्कड कुठला! आत्ताच तं पेलास! लोकांले तरास होऊन रायला तुहा!”

पारबता उठली. त्या खाटेपाशी गेली. बाईचा हात तिने मनगटाशी धरला, घट्ट, आणि पोराच्या पाठीवरून बाजूला केला.

“मारू नको,” ती म्हणाली. “रडू दे. आमाले आयकू दे थोडं.”